घरात कोणीही राहत नाही

४ सप्टेंबर

आधी माफी. अडीच वर्षं या वहीत एक ओळ लिहिली नाही. कॉलेजातला रसायनशास्त्राचा विभाग बंद झाला, मी घरी बसले, आणि घरी बसलेल्या माणसाकडे रोज लिहिण्यासारखं काय असतं, अशी सबब स्वतःला देत राहिले. खरं कारण वेगळं होतं. लिहिलं असतं तर नुसती स्वतःची कीव लिहिली गेली असती आणि ती पुन्हा वाचणं मला सोसलं नसतं.

आज मात्र लिहिण्यासारखं आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी घरमालकीण झाले. घर म्हणजे दोन उंच इमारतींच्या मधे अंग चोरून बसलेलं एक बैठं बांधकाम. समोरून नऊ मीटर रुंद, मागेपर्यंत तेवीस मीटर लांब. एकामागे एक चार खोल्या, काड्यापेट्या ओळीनं लावाव्यात तशा. मागे छोटं अंगण, अंगणात नळ, आणि शेवटच्या खोलीला अंगणातूनच वेगळं दार.

धाकट्या भावाचा धंदाच हा. मोठे बिल्डर ज्या प्लॉटकडे ढुंकूनही बघत नाहीत, तेच तो घेतो. आधीचे दोन त्यानं असेच उभे केले. हे पाडून तीन मजले चढवायचे, सहा छोटी घरं काढायची, पाच विकायची आणि तळमजल्यावरचं मागचं माझं. माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचं सगळं यात आहे, म्हणून जागा माझ्या नावावर. परवानगी येईपर्यंत मी इथेच पुढच्या खोलीत राहणार. धाकटा म्हणाला, ताई, मालकीण आणि राखणदार एकाच माणसात, आणि दोन्ही बिनपगारी, इतका स्वस्त सौदा मी आजवर केला नाही. भावजय त्याला म्हणाली, अहो, निदान आजच्या दिवस तरी त्यांना पाणी आणून द्या, मग राबवा.

खिडकीत टेबल मांडलं. दुपारभर ऊन येतं. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

७ सप्टेंबर

आज सगळं घर मापलं. धाकट्यानं मापं आधीच घेतली होती, पण मला दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबायची सवय नाही. तीन खोल्या जुळल्या. चौथीला कुलूप.

तिथे एक म्हातारे बाइंडर भाड्यानं राहत होते. गल्लीत त्यांना सगळे बाइंडरकाका म्हणतात. शाळेच्या, कचेरीच्या वह्या-पुस्तकं बांधून द्यायचे. घर विकणाऱ्यानं सांगितलं की ते महिन्यापूर्वी लेकीकडे गेले, कुलूप नुसतं नावाला आहे, किल्ली पाठवतो. किल्ली आली नाही.

अंगणाकडच्या खिडकीचं एक दार नीट लागत नाही. फटीतून पाहिलं. नवारीची खाट, पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी प्रेस, खिडकीशी बांधलेल्या दोरीवर टॉवेल. गजांतून बोटं घालून मी टॉवेलाला हात लावला.

ओला होता.

धाकट्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, छप्पर गळत असेल. मी म्हटलं, पाऊस नाही. तो म्हणाला, विकणाऱ्यानं लिहून दिलंय ना, मग आपण कशाला कोळसा उगाळायचा? उगाळावा तितका काळाच.

मी दार वाजवून बघायला हवं होतं. लिहून ठेवते: वाजवलं नाही.

१२ सप्टेंबर

आज प्रतिज्ञापत्रावर सही केली. जुनं घर पाडायची परवानगी हवी असेल तर मालकानं ते रिकामं असल्याचं लिहून द्यावं लागतं. मजकूर छापीलच असतो: ‘मी वरील जागेतील सर्व खोल्या स्वतः पाहिल्या आहेत. या घरात कोणीही राहत नाही.’ खाली रेघ.

वीस वर्षं मी मुलांच्या प्रयोगवह्यांवर सह्या केल्या. डोळ्यांसमोर न झालेल्या प्रयोगावर कधी केली नाही. मुलं रडली, पालक भांडले, विभागप्रमुख म्हणाले की इतकं ताणू नका. ताणलं. आज पेन उचललं तेव्हा हे सगळं आठवत होतं, म्हणजे ‘सुचलंच नाही’ म्हणायचीही सोय नाही. आजची तारीख चुकली तर पुढची दीड महिन्यानं, एवढंच धाकटा म्हणाला. तेवढं पुरलं.

बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, अरे, मी स्वतःच तिथे राहते, मग हे दोन्ही बाजूंनी खोटं. तो हसत सुटला. म्हणाला, तू काय कोणी आहेस का, ताई? तू घरचीच.

मीही हसले.

१५ सप्टेंबर

धाकट्याच्या मुकादमानं चौथ्या खोलीचं कुलूप तोडलं. मी मुद्दाम पुढे उभी राहिले. आत माणूस नाही. एवढं हलकं वाटलं की मला लाज वाटली.

मग नीट पाहिलं. खिळ्यावर दोन सदरे. खाटेखाली चपला. उशाशी चष्मा. प्रेसशेजारी वाडग्यात खळ, वर पातळ साय धरलेली, म्हणजे फार तर कालची. टॉवेल ओला.

मुकादम म्हणाला, घाईत गेलं असेल म्हातारं. मी म्हटलं, चष्मा आणि चपला सोडून? तो म्हणाला, बाई, घाई तुमची असो की त्याची, घाई ती घाईच. त्याची माणसं हसली. सामान अंगणात काढून त्यावर ताडपत्री टाकली.

१९ सप्टेंबर

सकाळी सामान पुन्हा खोलीत होतं. खाट भिंतीला, चष्मा उशाशी, चपला खाली, टाचा भिंतीकडे, अगदी होत्या तशा. मला वाटलं मुकादमाची माणसं चेष्टा करतायत. त्यांना वाटलं मी केलं. मुकादम बराच रागावला, म्हणाला, आम्हाला दुसरे धंदे नाहीत का?

ते गेल्यावर मी खळीच्या वाडग्यात बोट बुडवलं. कोमट होती. खोलीत चूल नाही, स्टोव्ह नाही. तो माझ्याकडे आहे, पुढच्या खोलीत. जाऊन पाहिला. त्याची जाळी कोमट होती.

सकाळपासून मी तो पेटवला नव्हता.

२३ सप्टेंबर

दुपारी बाइंडरकाकांची मुलगी आली. माझ्याच वयाची, उन्हानं लाल झालेली. तिनं वडिलांसाठी डब्यातून काही आणलं होतं. ती म्हणाली, बाबा माझ्याकडे कधी आलेच नाहीत, यायचं ठरलंही नव्हतं. अकरा तारखेला फोनवर बोलले. म्हणाले, नवी मालकीण आलीय, शिकलेली वाटते, आली की तिच्याशी नीट बोलून घेतो. बारापासून फोन नाही.

बारा.

मी तिला खोली दाखवली. दारात उभी राहून तिनं हाक मारली, बाबा. जेवायला बोलवावं तशी, साधी. आणि खाटेची नवार उशाकडून मधोमध खाली दबली. झोपलेला माणूस उठून बसला की दबते तशी. मी पाहिलं. ती नेमकी तिकडेच बघत होती आणि तिला काही दिसलं नाही. चष्मा उशाशी नव्हता.

ती पोलिसांत जाते म्हणाली. मी तिला पाणी दिलं. प्रतिज्ञापत्राबद्दल एक शब्द बोलले नाही. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा नवार अजून दबलेलीच होती, आता दाराच्या बाजूच्या काठाला.

मी का बोलले नाही, याची तीन कारणं लिहिली आणि तिन्ही खोडली. घर हवं होतं. हे चौथं.

२६ सप्टेंबर

हे बारीकसारीक असेल. तरी लिहून ठेवते.

दुकानदारानं माझ्यानंतर आलेल्या तिघांना आधी सामान दिलं. मी बोलले तेव्हा दचकला. म्हणाला, तुम्ही कधी आलात?

मुकादमाच्या माणसांनी वाळूच्या चार गोण्या पुढच्या खोलीत आणून माझ्या अंथरुणावर टाकल्या. मी टेबलाशी बसले होते, दोन हातांवर. ओरडले तेव्हा मुकादमानं कान पकडले. अहो ताई, शपथेवर सांगतो, दिसलाच नाहीत. माझी शपथ घेऊ नकोस म्हटलं, तर तो हसला नाही. माझ्याकडे बघत होता, पण डोळे माझ्या चेहऱ्यावर ठरत नव्हते. अंधारात किल्लीचं भोक शोधावं तसे फिरत होते.

२९ सप्टेंबर

प्रतिज्ञापत्र मागे घ्यायला कचेरीत गेले. धाकट्याला सांगितलं नाही. परवानगी जाईल, त्याचं वर्ष जाईल, माझं सगळंच जाईल. जाऊ दे. ते म्हातारे त्या खोलीत आहेत आणि मी ते नाहीत असं लिहून दिलं.

कारकुनाला तीनदा हाक मारावी लागली. मग त्यानं वर पाहिलं, लांबून कोणी बोलतंय असं. म्हणाला, मागे घेता येतं, पण नुसतं तोंडानं नाही चालत. आधी नाही म्हणता, मग आहे म्हणता. आम्ही कुठलं धरायचं? निरीक्षक तीन तारखेला येऊन बघेल. त्याला कोणी राहताना दिसलं की कागद रद्द.

फक्त दिसायला हवं.

३ ऑक्टोबर

सकाळपासून तयारी केली. दोरीवर कपडे वाळत घातले. स्टोव्हवर भात चढवला, दिवे लावले, दार उघडं टाकलं. मागच्या खोलीत जाऊन रिकाम्या खाटेला सांगितलं की आज कोणी येणार आहे, कृपा करून बसून राहा. मग पुढच्या खोलीत, दारासमोर, खुर्चीवर बसले. माझी लाल साडी नेसून.

निरीक्षक आला. भला माणूस, थकलेला. दारातून विचारलं, आहे का कोणी? मी म्हटलं, मी आहे. या ना.

तो आत आला. खोली पाहिली. हातातली पिशवी खाली ठेवायला जागा शोधली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

जड होती. मी बोलत होते. मी सतत बोलत होते. तो उरलेल्या तिन्ही खोल्यांतून गेला, मागच्या खोलीत वाकून खाटेखालीही पाहिलं. कामात कसूर करणारा नव्हता. येताना त्यानं स्टोव्हवरचा भात पाहिला आणि म्हणाला, कामगारांचा असेल, बंद तरी करून जायचं. स्वतः बंद केला. दिवे मालवले.

मग माझ्याच टेबलावर वाकून लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. ‘प्रत्यक्ष पाहणी केली. घरात कोणीही राहत नाही.’ सही, शिक्का.

त्यानं खोटं लिहिलं नाही. पाहिलं ते लिहिलं. खोटं माझंच होतं. आता ते खोटं राहिलं नाही.

५ ऑक्टोबर

धाकट्याकडे गेले. दार भाच्यानं उघडलं, बाहेर पाहिलं, कोणी नाही गं आई म्हणाला. मी त्याच्या काखेखालून आत शिरले. चार पानं मांडली होती. धाकटा सांगत होता की ताई कधीपासून फोन उचलत नाही, खोलीवरही नसते, पहिल्यापासून अशीच, मनात आलं की उठून चालती होते. भावजय म्हणाली, तुम्ही त्यांना बोलला असाल काहीतरी लागेलसं. तो म्हणाला, नाही गं. नुसती चेष्टा केली.

मी त्यांच्यात बसले. हाका मारल्या. धाकट्याचा हात धरला तर त्यानं तो खाजवला.

मग मला माझाच श्वास ऐकू येईना. हात बर्फासारखा, नाही, बर्फ निदान गार तरी लागतो. काहीच लागेना. मी पळत परत आले. रस्त्यात गाड्या वळल्या नाहीत, मीच वळले. फाटकातून आत पाय टाकल्यावर श्वास लागल्याचं ऐकू आलं.

इथे निदान एका वाक्यात मी आहे. कोणी नाही म्हणून का होईना. बाहेर तेवढीही नाही.

७ ऑक्टोबर

बाइंडरकाका दिसले.

खाटेवर बसून खळ ढवळत होते. लहान चणीचे, नखांत वाळलेली खळ. त्यांनाही मी दिसले. त्यांनी वाडगा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, सही तुमची का? मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, दर समजल्यावर हलवावी तशी.

म्हणाले, त्या दिवशी मी आतच होतो. प्रेसच्या मागे जमिनीवर पडलो होतो, अंगात कणकण होती. आत असलो की खिडकीतून हात घालून बाहेरच्या कडीला कुलूप मीच लावून घेतो. मुलं त्रास देतात म्हणून. तुमची बोटं दिसली टॉवेलावर. म्हटलं, आता दार वाजवतील. उठून सदरा घातला. केस विंचरले.

वाट बघत बसलो, म्हणाले.

मी पाया पडले. ते म्हणाले, असू द्या, असू द्या. आता काय त्याचं.

९ ऑक्टोबर

ही वही उघडी करून उंबऱ्यावर ठेवली. धाकटा येणार होता. आला. उचलली. पानं उलटली — सगळी, पहिल्यापासून. मी श्वास रोखून —

मुकादमाला म्हणाला, कोरी आहे. ताईला कोऱ्या वह्या जमवायची हौस होती.

होती म्हणाला.

मापं लिहायला पाच पानं फाडली. सप्टेंबरची. माझ्या ओळींवर आकडे लिहिले आणि खिशात घातली. वही खिडकीत टाकली.

काकांनी फाडलेल्या जागी कोरी पानं शिवून दिली. टाका इतका बारीक की कळत नाही. फाडलेलं आठवून पुन्हा लिहिलं. शब्द तेच असतील असं सांगता येणार नाही. बदल केला नाही — माझ्या बाजूनं तरी नाही.

१० ऑक्टोबर

परवानगी आली. उद्या सकाळी आठला घर पाडायचं यंत्र येणार.

काकांना फाटकाबाहेर नेऊन पाहिलं. चार पावलं. पाचव्याला त्यांचा हात माझ्या हातात असून नव्हता. ओढून आत आणलं. आतही बराच वेळ पुसटच होते. पुन्हा नको म्हणाले. माझं वय नाही हो आता हे असलं.

त्यांची मुलगी आज परत आली होती. फाटकाशी उभी. मुकादमानं सांगितलं, निरीक्षक बघून गेला बाई, आत चिटपाखरू नाही. ते खिडकीत उभे होते. तिनं रुमालानं डोळे पुसले, डबा फाटकाला अडकवला, गेली. डबा बाहेरच्या बाजूला आहे. आम्हाला तो —

१० — संध्याकाळी

धाकटा अंगणात उभा होता. डोळे लाल. मुकादमाला म्हणाला, ताई येईल तोवर पाया तरी भरून होईल. बघून खूश होईल ती.

मी समोर. एक हात अंतर. आईनं मारायची तशी हाक मारली त्याला, त्याच्या लहानपणच्या नावानं. त्यानं वळून पाहिलं — वळला होता, नक्की वळला — मग मुकादमाला म्हणाला, वारा सुटलाय.

मुकादम सांगत होता: यंत्र लावण्याआधी मालकानं दारात उभं राहून तीनदा ओरडायचं, आत कोणी आहे का. रीतच आहे. एखादा दारुडा, भिकारी झोपलेला असतो. ओ आली तर थांबायचं. नाही आली तर सुरू. धाकटा म्हणाला, मी ओरडेन, ताईच्या वतीनं.

काका आवाज काढून बघतायत. खोकला लागतोय. मी म्हटलं, दोघांनी मिळून. ते म्हणाले, आणि नाही ऐकू गेलं तर? मी —

त्यांनी सदरा घातला आहे. केस विंचरतायत.

उद्याचं काम एकच: धाकट्याच्या हाकेला ओ देणे. पहिल्याच हाकेला, मोठ्यानं, तो दारातून हलण्याआ—